तिसरा वाफा

भागरताबाईनं खड्ड्यात एकदा वाकून पाहिलं आणि हातातलं फावडं बाजूला टाकून दिलं.

“मी नाई लोटत जी,” ती म्हणाली. “खाचा दाना मातीत गाडाचा, हे पाप माह्या हातानं नाई होत.”

मार्च महिना होता. सकाळचे दहाच वाजले होते, पण ऊन चांगलंच तापलं होतं. पिपरटोल्याच्या संशोधन प्रक्षेत्रावर बांधाच्या कडेनं लाखोडीच्या चोवीस गोण्या ओळीनं उभ्या होत्या, ज्या त्या वाफ्यासमोर ज्या त्या वाफ्याची गोणी. गावातले लोक प्रक्षेत्राला फारम म्हणत आणि मला साहेब म्हणत. मी होतो सव्वीस वर्षांचा कनिष्ठ संशोधन सहायक, पुरुषोत्तम गावंडे, अकोल्याकडचा. नोकरी अजून कायम व्हायची होती, पण साहेब म्हटलं की मान आपोआप ताठ व्हायची.

लाखोडी ही झाडीपट्टीतली गरिबाची डाळ. तिला खत नको, पाणी नको, नांगरट नको. उभ्या धानात बी फेकलं की धान कापल्यावर उरलेल्या ओलीवर ती येते. सगळी पिकं गेली तरी ती राहते, आणि तिथंच घोटाळा होतो. तिच्यात विष असतं. अधूनमधून वाटीभर खाल्ली तर काही होत नाही, पण दुष्काळात माणसं महिनोन्‌महिने दोन्ही वेळा तीच खातात, आणि मग पाय आखडतात. एकदा आखडले की जन्मात सुटत नाहीत. त्या भागातल्या बहुतेक गावांत मागच्या कुठल्यातरी दुष्काळातला एखादा माणूस काठी टेकत फिरताना दिसायचा.

आमच्या प्रमुख डॉक्टर उमरीकर मॅडम अकरा वर्षं एकाच गोष्टीच्या मागे होत्या. त्यांना बिनविषारी लाखोडी हवी होती. शेकडो वाण तपासून, संकर करून त्यांनी एक वाण निवडला होता, सत्तावीस नंबर. त्यात विष नावापुरतं होतं. मॅडम स्वतः त्याची डाळ शिजवून डब्यात आणायच्या आणि आम्हाला आग्रहानं वाढायच्या. त्या वर्षी त्याची शेवटची मोठी चाचणी होती. ती पार पडली की बी शेतकऱ्यांना जाणार होतं. चाचणीत सहा वाण होते. एक सत्तावीस, एक गावठी, दोन तर मुद्दाम तुलनेसाठी घेतलेले जहाल विषारी. चार पट्टे, प्रत्येक पट्ट्यात सहा वाफे. नियम असा की प्रत्येक वाफ्याचं धान्य वजन करायचं, दोन किलो नमुना काढायचा, उरलेलं सगळं खड्ड्यात टाकून चुना मारायचा आणि मी नोंदवहीत ‘समक्ष पुरले’ लिहून सही करायची.

पण बाकीच्या पिकांना त्या फारमवर वेगळी रीत होती. कापणी करणाऱ्या बायांनी शेवटच्या दिवशी खळ्यावरचं धान्य थोडंथोडं घरी न्यायचं. कुठल्या कागदावर ही रीत नव्हती, पण मोडली कुणीच नव्हती. भागरताबाई शेंडे तिथं नऊ वर्षं मजुरी करत होती. तिचा नवरा डोमाजी तलावात मासे धरायचा. त्या साली पावसानं भाद्रपदात जी पाठ फिरवली ती फिरवलीच. धान उभं वाळलं आणि पौषात तलावाचा तळ दिसला. डोमाजीची जाळी घराच्या कुडाला टांगलेली होती.

“भागरताबाई, यात विष असतं. तुम्हाला माहीत आहे,” मी म्हणालो.

“साऱ्याच गोन्यांत हाये का?”

खोटं बोलायला हवं होतं. पण मला माझं ज्ञान दाखवायची हौस, आणि त्या बाईची दयाही आली होती, हे मी आज प्रामाणिकपणे सांगतो. आम्ही उभे होतो पहिल्या पट्ट्याच्या बांधावर. मी समोर बोट केलं.

“हा तिसरा वाफा बघा. हा सत्तावीस नंबर. यात काही वाईट नाही, मॅडम स्वतः खातात. तिसऱ्या वाफ्यातलं न्या. बाकीचं मात्र खड्ड्यात गेलंच पाहिजे.”

“तिसरा,” ती म्हणाली.

“तिसरा. आणि कुठं बोलू नका.”

“हाव जी. मी काहून बोलू?”

मी नमुन्यांच्या पिशव्या घेऊन ऑफिसात गेलो. दुपारी परत आलो तेव्हा खड्डा बुजलेला होता आणि वर चुन्याचा पांढरा थर होता. मी सही केली. त्या दिवशी जेवण गोड लागलं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवल्यावर माणसाला दानशूर वाटतं, तसं मला वाटत होतं.

जुलैत धानाच्या रोवणीसाठी बाया पुन्हा फारमवर यायला लागल्या. भागरताबाई एक दिवस आली, मग आठ दिवस नाही. बायांकडून कळलं की डोमाजीच्या पायात वात भरलाय. मॅडमच्या कानावर हे गेलं तशा त्या जीप काढून थेट तिच्या घरी गेल्या. परत आल्या त्या प्रयोगशाळेत येऊन स्टुलावर बसल्या.

“टाचा टेकत नाहीत त्याच्या,” त्या म्हणाल्या. “चवड्यावर चालतो आणि गुडघे एकमेकांवर आपटतात. गावंडे, हे लाखोडीचंच आहे. काय खाल्लं म्हणून विचारलं तर दोघंही तोंड उघडत नाहीत. उद्या डॉक्टरांना घेऊन जाते.”

मी सायकल काढली आणि त्याच दुपारी गेलो. मॅडमच्या आधी पोचायचं एवढंच डोक्यात होतं.

डोमाजी ओसरीत बसला होता. मला पाहून उठायला गेला, पाय एकमेकांत अडकले आणि पुन्हा खाली बसला. असा धिप्पाड माणूस, उठता आलं नाही म्हणून ओशाळला. भागरताबाईनं मला आत बोलावलं.

“किती दिवस खाल्ली?” मी विचारलं.

“होळीपासून. भाकर तिचीच, डार तिचीच. तुमी सांगतलं होतं ना जी, सत्तावीस नंबरात काई नाई. म्हून बिनघोर खाल्ली. ह्याले भूक जास्त, म्हून ह्याले जास्त वाढली. मी उरल ते खाल्लं.”

“पण एक गोणी चार महिने पुरली कशी?”

“एक कुठची? चार होत्या.”

कोपऱ्यात तीन रिकाम्या गोण्यांच्या घड्या होत्या आणि चौथीत तळाला पायलीभर लाखोडी शिल्लक होती. गोण्यांच्या गळ्याशी आमच्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या तशाच बांधलेल्या होत्या. तिला वाचता येत नव्हतं. मी वाचलं. पहिला पट्टा, वाफा तीन. दुसरा पट्टा, वाफा तीन. तिसरा पट्टा, वाफा तीन. चौथा पट्टा, वाफा तीन.

मी चारही चिठ्ठ्या पुन्हा एकदा वाचल्या. जमिनीचा कस एका कोपऱ्यात एक आणि दुसऱ्या कोपऱ्यात दुसरा असतो. म्हणून चाचणीत प्रत्येक पट्ट्यात वाणांचा क्रम बदलतात, चक्क चिठ्ठ्या टाकून. पहिल्या पट्ट्यात तिसरा वाफा सत्तावीस नंबरचा होता. दुसऱ्यात तिसरा होता गावठी. तिसऱ्या आणि चौथ्यात तिसऱ्या जागी ते दोन जहाल वाण पडले होते. या चिठ्ठ्या मीच टाकल्या होत्या, नकाशा मीच काढला होता. कृषी महाविद्यालयातल्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे ठाऊक असतं, आणि त्यामुळेच ते सांगायला हवं हे माझ्या डोक्यात आलं नाही. बियाची पुडी हातात येईल तशी नऊ वर्षं पेरणाऱ्या त्या बाईला मी एका बांधावर उभं राहून ‘तिसरा’ म्हणालो, आणि तिनं चारही पट्ट्यांतला तिसरा उचलला. दुसरं काय करणार होती?

“साहेब, काय झालं?” तिनं विचारलं.

“या चिठ्ठ्या ऑफिसात जमा करायच्या असतात,” मी म्हणालो.

सुतळीची गाठ मला सुटेना. तेव्हा तिनंच ती दातानं सोडवली आणि चारही चिठ्ठ्या माझ्या हातावर ठेवल्या. परत येताना मी त्या फाडून नाल्यात टाकल्या. मला शरम वाटत होती, पण त्याहून जास्त भीती वाटत होती.

डॉक्टरांनीही लाखोडीच सांगितली, धान्य फारमवरचं असल्याची बातमी वर गेली आणि पंधरा दिवसांनी मुख्य केंद्रावरून तिघांची समिती आली. ऑफिसच्या व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या आणि भागरताबाईला समोर उभं केलं. तिला बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. धान्य कुठून आणलं असं अध्यक्षांनी विचारलं.

“फारमवरून. तिसऱ्या वाफ्यातलं, सत्तावीस नंबर. मी चोरून नेलं. गावंडे साहेबाले मालूम नाई.”

तिला असं बोलायला मी सांगितलं नव्हतं. तिनं ते आपल्या मनानं ठरवलं होतं, आणि बोलताना तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. चोरी कबूल केल्यामुळे तिची मजुरी त्याच दिवशी बंद झाली. तिच्या घरातली उरलेली पायलीभर लाखोडी सीलबंद करून तपासणीला गेली. ती चौथ्या पट्ट्यातली होती. अहवाल आला तेव्हा त्यातला विषाचा आकडा पाहून मॅडमनी कागद दोनदा उलटून पाहिला.

संध्याकाळी त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. त्या काचेच्या नळ्या धूत होत्या.

“भागरता सत्तावीस म्हणते,” त्या म्हणाल्या, “पण तिला नंबर वाचता येत नाही. तिसरा वाफा म्हणजे कुठल्या पट्ट्यातला?”

मॅडम हुशार होत्या. समितीतल्या तिघांना जे सुचलं नाही ते त्यांना सुचलं होतं. आता फक्त माझं तोंड उघडायचं होतं. सांगायचं एवढंच होतं की मॅडम, तुमच्या वाणात काही खोट नाही, खोट माझ्यात आहे.

“पहिल्या,” मी म्हणालो. “पहिल्याच पट्ट्यातली एक गोणी कमी होती. खड्डा बुजवल्यावर माझ्या लक्षात आलं होतं. मी बोललो नाही, कारण सही झाली होती.”

“बाकीच्या पट्ट्यांतल्या?”

“त्या माझ्यासमोर पुरल्या.”

“नक्की?”

“नक्की.”

थोडं खरं मिसळलं की खोटं चांगलं पचतं. मॅडमनी नळी उपडी करून ठेवली आणि दुसरी घेतली.

“एक गोणी म्हणजे अठरा-वीस किलो,” त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. “दोन माणसं. वीस किलोत एका धडधाकट माणसाचे पाय जातात? म्हणजे दुष्काळात या वाणात विष किती चढलं असेल! आणि नमुन्यातल्या मूठभर दाण्यांच्या आकड्यावर विसंबून हेच बी मी पुढच्या वर्षी गावोगाव वाटणार होते.”

मी उभा होतो.

“मग माझंच चुकलं,” त्या म्हणाल्या. “जा तुम्ही. त्या गोणीबद्दल मी काही लिहीत नाही. तुमची नोकरी अजून कायम व्हायची आहे.”

लोक नंतर कारणं शोधतात. माझ्यावर घराची जबाबदारी होती, वडिलांनी माझ्या नोकरीचे पेढे अख्ख्या गावात वाटले होते, वगैरे. ते सगळं होतं. पण खरं कारण एकच, मी भ्यालो. त्याहून मोठं काही नव्हतं.

सत्तावीस नंबर रद्द झाला. गोदामातलं सगळं बी मॅडमनी स्वतः उभं राहून जाळलं, तपासणीपुरतं दोन किलो फक्त कपाटात ठेवलं. मग दोन वर्षं त्या एकाच प्रश्नाच्या मागे लागल्या, की सत्तावीसमध्ये विष चढलं कसं. कुंड्यांमध्ये त्याला पाणी तोडून पाहिलं, निकस माती देऊन पाहिलं, उन्हात करपवून पाहिलं. आकडे मी लिहून घेत होतो. दर वेळी विष थोडंसं हलायचं आणि पुन्हा नावापुरतंच निघायचं. चांगला आकडा आला की आधी त्या खूश व्हायच्या, आता चांगल्या आकड्याची त्यांना धास्ती वाटायला लागली होती. माझ्या नजरेतून काहीतरी सुटतंय, गावंडे, असं त्या म्हणायच्या. मी शेजारी पेन्सिल घेऊन बसलेला असायचो. त्यांचे केस त्या दोन वर्षांत पिकले.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्या डोमाजीकडे जायच्या. तांदूळ न्यायच्या, पायाला चोळायचं तेल न्यायच्या, एकदा कुबड्या करवून नेल्या. मला चला म्हणायच्या आणि मी काहीतरी काम काढायचो.

दोन वर्षांनी माझी बदली झाली, बढतीवर. मी कायम झालो होतो. निघायच्या आदल्या दिवशी मन खाऊ लागलं म्हणून मी पिपरटोल्यात गेलो. सांगून टाकायचं असं ठरवून गेलो होतो. सायकलवर वाक्य जुळवत गेलो.

डोमाजी ओसरीत जाळं विणत होता. त्याचे पाय बारीक झाले होते आणि तो ते हातानं उचलून इकडचे तिकडे ठेवत होता. भागरताबाईनं पाणी दिलं. ती आता तेंदूपत्ता तोडायला आणि मोहफुलं वेचायला जात होती. बदलीचं ऐकून तिला खरंच वाईट वाटलं. मग ती माझ्यासमोर उकिडवी बसली.

“साहेब, एक इचारू का? तुमी जाता, मंग कोनाले इचारू?”

“विचारा.”

“तुमी एकच वाफा म्हनला होता का? मी चारी पट्ट्यातला तिसरा उचलला. हे म्हनते माही हाव नडली. एक गोनी आनली असती तं कमी खाल्ली असती, अना पाय राहले असते. दोन सालापासून म्हनते. रोज म्हनते.”

डोमाजीनं विणणं थांबवलं. तो माझ्याकडे पाहत होता. भागरताबाईही पाहत होती. त्या दोघांच्या मध्ये दोन वर्षं काय चाललं असेल ते मला त्या क्षणी सगळं दिसलं. तिच्यावरचं ते ओझं उतरवायचंच, हे माझं नक्की झालं. खरं सांगूनही ते उतरलं असतं. जुळवून आणलेलं वाक्य अगदी जिभेवर होतं.

“तुमची काही चूक नाही, भागरताबाई,” मी म्हणालो. “हाव नाही अन् काही नाही. सत्तावीस नंबरच वाईट निघाला.”

तिनं पदर तोंडाला लावला आणि ती रडली. डोमाजीनं एकदा बायकोकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“म्हंजे मॅडमनं मारलं आमाले,” तो सावकाश म्हणाला. “अना वरून तांदूर आनून देते.”

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. पाण्याचा गडू खाली ठेवला आणि उठलो.

नव्या ठिकाणी महिन्याभरात मॅडमचं पत्र आलं. कुंड्यांचे नवे आकडे पाठवले होते आणि तुम्ही पुन्हा एकदा डोळ्याखालून घाला असं लिहिलं होतं. शेवटी चार ओळी होत्या. ‘या शनिवारी डोमाजीकडे गेले होते. त्यांनी तांदळाची पिशवी अंगणात फेकली आणि पुन्हा या घराची पायरी चढू नका म्हणाले. भागरता आतून बाहेर आली नाही. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. एवढी वर्षं त्यांनी मला घरात घेतलं हेच खूप झालं.’

मी ते आकडे तपासले. सगळे बरोबर होते. तसं कळवलं.